पदराच्या गाठीतली गोळी

[दृश्य: गोव्यातला सत्तरी तालुका, एप्रिल. काजूच्या झाडांखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं.]

सकाळी सातला मावशी बागेत शिरतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वाकलेल्याच असतात. बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, पुन्हा वाकायचं. पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी.

"बाय, सकाळी एक, दुपारी एक घेतली की दिवस निघतो."

पट्टीवर नाव आहे, डायक्लोफेनॅक. गुडघेदुखीवरची गोळी.

झिजलेल्या गुडघ्यातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात. त्यांनी सूज येते, नसा हळव्या होतात. ही रसायनं तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) डॉक्टर 'कॉक्स' म्हणतात, आणि गोळी त्यालाच अडवते. याच कुळातली ॲस्पिरिन १८९९ पासून विकली जात होती. ती दुखणं कसं थांबवते, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. त्या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळालं.

पण गोळीला गुडघा ओळखता येत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते, आणि प्रोस्टाग्लँडिन सगळीकडे त्रासच देतात असं नाही. जठराच्या आतला बुळबुळीत थर त्यांच्यामुळे टिकतो. तो पातळ झाला की आम्ल थेट भिंतीला लागतं, व्रण होतो, कधी रक्तस्राव. इंजेक्शन घेतलं तरी हा धोका टळत नाही. हंगामात संध्याकाळी हुर्राक, म्हणजे काजूची दारू, घेतली जाते, तिने तो आणखी वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

[दृश्य: भर दुपार. मावशी घाम पुसतात. पाण्याची बाटली रिकामी.]

मला जास्त भीती वाटते ती या दुपारची. घाम जातो, अंगातलं पाणी आटतं, मूत्रपिंडाकडे येणारं रक्त कमी होतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनच तिथली बारीक रक्तवाहिनी उघडी धरून ठेवतात. नेमकी तेव्हाच दुसरी गोळी पोटात जाते. वाहिनी आवळते, गाळण मंदावते. कुठेच दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. "पित्ताची गोळी सोबत घेते ना," मावशी म्हणतात. ती गोळी जठराला आधार देते. मूत्रपिंडाला तिचा काहीच उपयोग नाही.

मावशींना प्रेशरचीही गोळी चालू आहे. प्रेशरच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध, त्यात ही वेदनाशामक, असं तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावरचा ताण फार वाढतो. पण म्हणून प्रेशरची गोळी मनाने बंद करायची नाही. दुखण्याची कुठली घेतो, ते डॉक्टरांना सांगायचं.

गिधाडं आठवतात? डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं.

पोट वाचावं म्हणून एकाच प्रकारच्या कॉक्सला अडवणारी औषधंही निघाली. त्यातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढवतं असं दिसल्यावर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. हृदयाचा धोका डायक्लोफेनॅकमुळेही असतो.

पावसाळ्यात अंग मोडून ताप आला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्यांना हात लावू नये. रक्तस्रावाची भीती असते. तेव्हा पॅरासिटामॉल बरी, तीही मापात. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

[दृश्य: आरोग्य केंद्र. मावशी बाकावर बसल्या आहेत.]

डॉक्टरांनी गुडघ्याला लावायचं मलम दिलं. त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं. मूत्रपिंड कसं चाललंय ते कळावं म्हणून क्रिएटिनिन पाहायला रक्त घेतलं. रिपोर्ट उद्या. मावशींनी दंडावरचा कापूस काढला आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ? सकाळी बोंडू गोळा करायचे असतात."