कोणत्या महिन्यातला पत्ता?

नमस्कार मंडळी. पुरणपोळ्या गार होताहेत, तेव्हा फार वेळ घेत नाही.

"तू नेमकं करतेस काय?" असं मंडळात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. हवा, पाणी, ऊन यांतून माणसाच्या अंगात काय काय जातं आणि त्याचा मार गरिबालाच जास्त का बसतो, ते मी मोजते.

आमच्या विषयात १९९३चा अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास फार मानतात. ८,१११ माणसांची चौदा-सोळा वर्षं नोंद ठेवली. सिगारेटचा हिशेब वेगळा काढूनही, सगळ्यांत प्रदूषित स्टुबेनव्हिलमध्ये मृत्यूंचं प्रमाण सगळ्यांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. माणूस ज्या गावचा, त्या गावची हवा त्याच्या नावावर. मीही तेच शिकले.

मग प्रश्नावली घेऊन बीड जिल्ह्यात माझ्या गावी गेले. पहिलं घर चुलतकाकूचं. "काकू, राहता कुठं?"

तिनं पदराला हात पुसले. तळव्यावर कोयत्याचे घट्टे. म्हणाली, "कोणत्या महिन्यातलं सांगू, बाई?"

दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तोवर खर्चून झालेली असते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने साखर कारखान्याकडच्या उसाच्या फडात, कोपीत म्हणजे झोपडीत. पाणी मिळेल त्या विहिरीचं. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात. आणि माझ्या फॉर्मात पत्त्याचा रकाना एकच! उन्हात मोळ्या वाहणारी काकू माझ्या तक्त्यात गावच्या लिंबाखाली बसलेली.

निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊसतोडीच्या तरुण पोरांच्या किडन्या जातात; ना मधुमेह, ना रक्तदाब. संशय उन्हातल्या कष्टावर आणि अंगातलं पाणी आटण्यावर आहे. ते वाचताना मला काकूच दिसायची.

बीडच्या 'पिशवी काढलेल्या', म्हणजे गर्भाशय काढलेल्या, बायकांबद्दल तुम्ही वाचलं असेल. २०१९च्या सरकारी पाहणीत ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. आपण डॉक्टरांना शिव्या घालून मोकळे होतो. पाळीत खाडा पडला की पैसे कापतात, ते कुणाच्या केसपेपरवर येत नाही.

आता माझ्या फॉर्मात बारा रकाने आहेत, महिन्याला एक. काकूचे सहा 'गाव' म्हणून झटकन भरले. उरलेल्या सहांसाठी विचारलं, "कारखाना कोणता?"

"मुकादमाला विचार. आम्हाला रातीच उतरवतात."