ट्रॉली न्हवं, कार

नमस्कार श्रोतेहो. शिकाऊ लायसन्स हातात पडलं की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं दुसऱ्या दिवशीच विचारतात, ‘पक्कं कधी?’ तीस दिवस, बाळांनो. तीस दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही. शिकाऊ लायसन्स तर सहा महिने चालतं. मग हात बसू द्या की!

आमच्या मामांचं सांगते. निपाणीकडं ऊसशेती. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. उसानं भरलेली ट्रॉली अरुंद पाणंदीतून अशी मागं घ्यायचे की बघणारे थांबायचे. 

तर मामांकडं ट्रॅक्टरपुरतं लायसन्स. लेकीनं कार घेतली, म्हणून कारच्या टेस्टला गेले. महिन्याभरात कारमध्ये बसले होते दोनदाच. इन्स्पेक्टर कन्नडमध्ये म्हणाले, ‘रिव्हर्स तगोरी,’ म्हणजे रिव्हर्स घ्या. मामांनी घेतली, आणि खांब आडवा!

झालं काय? ट्रॉलीचं शेपूट डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडं फिरवावं लागतं. कारचं तसं नाही. कारचं शेपूट डावीकडं हवं, तर स्टिअरिंगही डावीकडंच. तीस वर्षांची सवय हातानं दाखवली.

मामा त्या रात्री जेवले नाहीत. कुणीतरी एजंट सुचवला. मामी म्हणाल्या, ‘पैसं देऊन गाडी मागं येती व्हय?’ शंभर टक्के खरं बोलल्या. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तिसऱ्यांदाही नापास झालात, तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. लक्षात ठेवा, आधी सात, मग साठ.

ते सात दिवस मामांनी खळ्यावर काढले. चार रिकाम्या घागरी मांडायच्या आणि मधून कार मागं घ्यायची. घागर पडली की मामी मोठ्यानं मोजायच्या. पहिल्या दिवशी अकरा. सहाव्या दिवशी एकही नाही.

आठव्या दिवशी मामा पास झाले. आजही रिव्हर्स टाकला की मान मागं वळवतात आणि पुटपुटतात, ‘ट्रॉली न्हवं, कार.’