कुंचल्याचा 'मामा'

मंडळी, कुंचल्यानं 'मामा' लिहून पाहा. पहिल्या 'म'ला कुंचला रंगानं भिजलेला असतो, रेघ भरीव उतरते. दुसऱ्यापर्यंत रंग ओसरतो, केस फाकतात आणि काना खाली येता येता त्यात कागदाचे पांढरे ओरखडे दिसू लागतात. आता तोच शब्द ब्रशच्या वळणाच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप करा. दोन्ही 'म' हुबेहूब सारखे! तोच ओरखडा, त्याच जागी. अक्षरांतला सगळा खेळकरपणा तिथंच संपतो.

म्हणून चांगला फॉन्ट करणारा एकाच 'म'ची दोन-तीन रूपं काढतो. ओपनटाइप या फॉन्टच्या रचनेत शेजारचं अक्षर पाहून रूप बदलण्याची सोय असते, त्यामुळे लागोपाठचे दोन 'म' वेगळे उमटतात. देवनागरीत हे काम फार वाढतं. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, सगळ्यांशी प्रत्येक नव्या रूपाचं जमवून घ्यावं लागतं.

त्यात शिरोरेषा! हाताची शिरोरेषा कधी सरळ नसते, ती किंचित चढते, उतरते. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि तो कुणाहीशेजारी बसू शकतो. म्हणून रेषा मधे हवी तेवढी डुलू दे, टोकं मात्र ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या जाडीचीच हवीत. नाहीतर सांधा दिसतो.

रॉजर एक्सकोफॉन या फ्रेंच कलावंतानं १९५३ साली 'मिस्त्राल' या फॉन्टमध्ये रोमन लिपीसाठी हाच प्रश्न सोडवला, तोही शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छापखान्यातल्या धातूच्या सुट्या अक्षरांत. स्वतःच्या हस्ताक्षरावरून केलेली ती अक्षरं सुटी असूनही एकमेकांना अशी भिडतात, की शब्द एका दमात लिहिल्यासारखा वाटतो. मला त्या चिकाटीचं आजही अप्रूप आहे.

वापराचं म्हणाल, तर मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, शुभेच्छापत्र, नाटकाची जाहिरात, खाऊचं पाकीट. दोन-चार शब्द, आणि मोठे. बारीक आकारात ओरखडे बुजतात, अक्षर मळकट दिसतं. परिच्छेदच्या परिच्छेद या वळणात लावणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना शिक्षा. औषधाच्या सूचना, शोकसंदेश इथं तर असा फॉन्ट नकोच. रोमन लिपीत आणखी एक चूक हमखास होते: अख्खा शब्द कॅपिटलमध्ये. ती ऐटबाज अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला मिरवायची असतात. ओळीनं उभी केली, की एकमेकांच्या पायांत येतात.

फॉन्ट घेण्याआधी त्यात 'काका', 'मामा', 'दादा' टाइप करून बघा. मग 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'विठ्ठल' लिहा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का, तेही पाहा. देखण्या फॉन्टातही 'दऱ्या'मधला 'ऱ्य' तुटलेला निघतो, आणि ते कळतं मुखपृष्ठ छापून आल्यावर.