ज्यानं हरवलं, त्याच्याच गोटात

नमस्कार मंडळी. समोर पालक बरेच दिसताहेत, प्रशिक्षकही आहेत. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून वर्गात येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, ग्रँडमास्टर व्हायला किती वर्षं लागतील?’ म्हणून आज बुद्धिबळपटू पीटर लेकोबद्दल बोलायचं ठरवलं. ग्रँडमास्टर होऊन झाल्यावर पुढे काय काय वाट्याला येतं, ते या माणसाच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसतं.

लेको हंगेरियन. जन्म १९७९ चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या सुबोटिकाचा. वाढला मात्र हंगेरीतल्या सेगेडमध्ये. १९९४ साली, साडेचौदा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो ग्रँडमास्टर झाला. त्या वेळी इतक्या लहान वयात हा किताब जगात दुसऱ्या कुणालाच मिळालेला नव्हता. आज बारा-तेरा वर्षांची पोरं ग्रँडमास्टर होतात, त्यामुळे त्याचं अप्रूप आपल्याला वाटत नाही. पण त्या काळी हा मुलगा एक दिवस जगज्जेता होणार, हे सगळे धरूनच चालले होते.

ती संधी आली २००४ च्या शरदात. दोन वर्षांपूर्वी डॉर्टमुंडची आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून त्यानं ती कमावली होती. समोर होता व्लादिमीर क्रामनिक, साक्षात कास्पारोव्हला हरवून जगज्जेता झालेला. जागा स्वित्झर्लंडमधलं ब्रिसागो, माज्जोरे सरोवराकाठचं एक छोटंसं गाव. एकूण चौदा डाव. सात-सात अशी बरोबरी झाली तर किताब क्रामनिककडेच राहणार, असा नियम होता.

पहिला डाव लेको हरला. पाचवा त्यानं जिंकला. आणि आठवा? तो आठवा डाव घरी पटावर मांडून बघाच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पांढरी मोहरी क्रामनिककडे, काळ्याकडून ‘मार्शल हल्ला’ नावाची सुरुवात. क्रामनिकनं हत्तीच्या बदल्यात आपला वजीर देऊन टाकला. त्याच्या हिशेबानं ‘ए’ या कडेच्या उभ्या पट्टीवरचं त्याचं प्यादं आता कुणाला आवरणार नव्हतं. दोन पावलं पुढे गेलं की वजीर. ही सगळी तयारी संगणकावर घरी करून आणलेली होती. लेकोपुढे संगणक नव्हता. होती ती फक्त टिकटिकणारी घड्याळं. तो विचार करत बसला, आणि पंचविसाव्या खेळीला त्यानं वजीर डी-३ या घरावर ठेवला. एवढ्या एका खेळीनं घरची ती सगळी तयारी मोडून पडली. बत्तिसाव्या खेळीनंतर क्रामनिकनं डाव सोडला. तयारीत कुठेतरी संगणकाला पुरेसा वेळ दिला गेला नव्हता. तेवढी फट लेकोनं पटावर बसून शोधली. प्रतिभा म्हणतात ती मला तिथे दिसते.

तेरा डावांनंतर लेकोचे सात गुण, क्रामनिकचे सहा. एक डाव बाकी. त्यात लेकोला नुसती बरोबरी पुरणार होती. आणि बरोबरी साधण्यात त्याचा हात धरणारं तेव्हा जगात फारसं कुणी नव्हतं. सारख्या बरोबऱ्या करतो म्हणून त्याला नावंही ठेवली जात.

१८ ऑक्टोबर. काळी मोहरी घेऊन लेकोनं कारो-कान बचाव निवडला, भरवशाचा. सतराव्या खेळीपर्यंत दोन्ही वजीर पटावरून गेले होते. बरोबरी हवी असलेला खेळाडू इथे मनातून सुस्कारा सोडतो. पण क्रामनिकनं हळूहळू जागा आवळत आणली. मग त्याचा राजा निघाला. डी-२ वरून डी-३, तिथून मागे ई-२, मग एफ-३, जी-४, जी-५ आणि शेवटी एफ-६. मुलांना आपण सांगतो ना, राजाला सांभाळा म्हणून? इथे राजाच शत्रूच्या गोटात शिरला, हत्ती आणि घोड्याच्या साथीनं त्यानं मात देणारं जाळं विणलं. एक्केचाळिसाव्या खेळीला घोड्याचा शह बसला आणि लेकोनं डाव सोडला. सात-सात. किताब जागच्या जागी राहिला. लेको तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. पुढे सान लुईस आणि मेक्सिकोला जगज्जेतेपदाच्या अनेक खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या, त्यात तो खेळला, पण किताबासाठी समोरासमोरची लढत त्याला पुन्हा मिळाली नाही.

तो खचला का? जेमतेम तीन महिन्यांनी, २००५ च्या जानेवारीत, त्यानं नेदरलँड्समधल्या विक आन झेची मोठी स्पर्धा जिंकली. म्हणजे खेळ शाबूत होता. पण आज मला तुमचं लक्ष वेधायचंय ते २००८ कडे. बॉनला आपल्या आनंदची क्रामनिकशी जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा क्रामनिकच्या मदतनीसांमध्ये पीटर लेको होता. ज्यानं शेवटच्या डावात तोंडचा घास काढून घेतला, त्याच्याच खोलीत बसून तो त्याच्यासाठी खेळ्या शोधत होता. आणि २०१३ साली चेन्नईत नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनविरुद्ध आनंद जगज्जेतेपदासाठी खेळला, त्या वेळी आनंदच्या चमूतही लेको होता. जो किताब स्वतःला अर्ध्या गुणानं हुकला, तो राखायला दुसऱ्याला मदत करत होता.

माझं स्पष्ट मत आहे: तो शिक्षक झाला तो इथे. विद्यार्थी मिळाला नंतर. मदतनिसाचं काम म्हणजे रात्र रात्र जागून शोधलेली खेळी सकाळी दुसऱ्याच्या हाती द्यायची. ती पटावर येईलच याची शाश्वती नाही, आणि आलीच तर नाव खेळणाऱ्याचं होणार. ज्याच्या मनात जुना हिशेब धुमसत असतो, त्याला हे जमत नाही. आपल्याकडे काही प्रशिक्षक, आणि माफ करा, पण काही पालकही, मुलाला पटावर बसवतात ते आपली राहिलेली वसुली करायला. मूल हरलं की त्यांचा चेहरा पडतो आणि मुलाला लगेच कळतं की हा डाव आपला एकट्याचा नव्हता.

तो विद्यार्थी म्हणजे जर्मनीचा विन्सेंट कायमर. त्याची जन्मतारीख बघा: १५ नोव्हेंबर २००४. ब्रिसागोचा शेवटचा डाव संपून महिनाही झाला नव्हता. लेकोनं त्याला शिकवायला घेतल्यावर थोड्याच काळात, २०१८ च्या वसंतात, तेरा वर्षांच्या या पोरानं कार्ल्सरूहची ग्रेंके ओपन ही खुली स्पर्धा जिंकली. डझनावारी ग्रँडमास्टर मागे टाकले. ग्रँडमास्टर किताब मिळायला त्यानंतर दीडेक वर्ष लागलं, तरी गुरू-शिष्यांनी घाई केली नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावं. २०२२ मध्ये अल्माटीला जागतिक रॅपिड, म्हणजे जलद बुद्धिबळाच्या, स्पर्धेत कार्लसनच्या मागे दुसरा. २०२५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या वाइसेनहाउसच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत त्यानं कार्लसनला हरवलं, अंतिम फेरीत अमेरिकेच्या फाबियानो कारुआनाला. ऑगस्टमध्ये तो एका स्पर्धेसाठी चेन्नईला आला. आपला नाशिकचा विदित गुजराथीही त्या स्पर्धेत होता. कायमरनं एक फेरी शिल्लक असतानाच विजेतेपद खिशात घातलं. २०१३ ची आनंद-कार्लसन लढत ज्या हॉटेलात झाली, तिथेच.

त्याचा खेळ बघाल तर लेकोची शिस्त दिसेल, विशेषतः सुरुवातीच्या खेळ्यांच्या तयारीत आणि चिवट बचावात. पण जोखीम घेण्याची तयारी गुरूपेक्षा जास्त आहे. गुरूनं ती दाबून टाकली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

आता थोडं काम करू. मागच्या चार पटांवर ब्रिसागोच्या चौदाव्या डावाची सतराव्या खेळीनंतरची स्थिती मांडून ठेवली आहे. वजीर गेलेत, काळ्याची खेळी आहे, काळ्याला बरोबरी पुरते. मुलांनी दोघं-दोघं मिळून काळ्याकडून बसायचं. पालकांनी मधे बोलायचं नाही. अर्ध्या तासानं आपण लेकोनं काय खेळलं ते उघडून पाहू.