भूशास्त्रातला श्लेष

श्रोतेहो, नमस्कार.

भूशास्त्राची परिभाषा अनेकांना रुक्ष वाटते. परंतु तिच्यातले कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातूनच आलेले असल्यामुळे मराठीत त्यांच्यावर उत्तम श्लेष साधता येतो. आपण रागावलो की कोणाच्या तरी नावाने खडे फोडतो. भूशास्त्रज्ञ आधी खडा फोडतो आणि मग त्याला नाव देतो. ही त्याच्या कामाची खरीखुरी रीत आहे. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरातला दगड उन्हापावसाने बाहेरून तांबूस, मातकट झालेला असतो. हातोड्याच्या घावाने तो फुटला, की आतला काळसर करडा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, दिसतो आणि कधीकधी लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत साचलेली पांढरी खनिजेही दिसतात.

श्लेष दोन्ही अर्थांनी खरा उतरला, तरच तो लक्षात राहतो असे मला वाटते. शिलारस म्हणजे जमिनीखालचा वितळलेला, तप्त खडक. ‘शिलारस उसाच्या रसासारखा गार मिळेल का?’ हा विनोद केवळ अक्षरांवर उभा आहे, म्हणून तो लगेच विरतो. ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचा ‘थर’ मात्र पाहा. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, उलथापालथ झालेली नसेल तर सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि सर्वांत वरचा सर्वांत नवा असतो. दहीहंडीतही तळाला जुने, कसलेले गडी आणि टोकाला बालगोविंदा! शिक्षकांनी वर्गात हे अवश्य सांगावे.

‘गाळात जाणे’ मला याहूनही आवडते. माणूस गाळात गेला की बुडाला; मेलेला प्राणी मात्र लवकर गाळात गेला, तर त्याचा जीवाश्म होऊन तो टिकण्याची शक्यता वाढते. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकातले बेडूक आपल्यापर्यंत पोहोचले, ते गाळात गेल्यामुळेच.

नवी मुंबईकरांचा शब्द ‘कल’. मतमोजणीच्या सकाळी पनवेलचा कल कोणाकडे, अशी चर्चा रंगते. भूशास्त्राने त्याचे उत्तर आधीच दिलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, इतरत्र बहुतांशी आडवे असलेले लाव्हाचे थर या पट्ट्यात पश्चिमेकडे वाकलेले आहेत आणि अभ्यासक त्या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ असेच म्हणतात. पनवेलचा कल समुद्राकडे आहे, आणि तो पहिली पेटी उघडण्याआधीच हाती आलेला आहे.