चौदा स्लाइड, पाच राउंड आणि "कळवतो"

(काही महिन्यांपूर्वीची रात्र. पुण्यातलं बाणेर. एका खोलीत फक्त लॅपटॉपचा उजेड.)

रविवार रात्रीचा दीड वाजलाय आणि मी एका केसांच्या तेलाच्या ब्रँडचं दिवाळीचं कंटेंट कॅलेंडर बनवतेय. तीस दिवस, तीस पोस्ट, प्रत्येकीची कॅप्शन, सहा रील्सची स्क्रिप्ट, बजेट कुठे किती टाकायचं, आणि "जमलं तर" महाराष्ट्रातल्या छोट्या इन्फ्लुएन्सर्सची रेटसकट यादी. मी ह्या कंपनीत नोकरीला नाहीये बरं का. ही तिसऱ्या राउंडची असाइनमेंट आहे. मेल शुक्रवारी संध्याकाळी आला, सोमवारी सकाळी द्या म्हणे, शनिवार-रविवार आहेच ना मध्ये.

मार्केटिंगमध्ये नोकरी शोधणाऱ्यांना हा क्रम आता तोंडपाठ आहे. आधी एचआरचा फोन, करंट सीटीसी, म्हणजे वर्षाचा पगार, किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. मग मॅनेजर. मग असाइनमेंट. मग तीच असाइनमेंट पाच-सहा जणांसमोर प्रेझेंट करायची ज्यातल्या दोघांचे कॅमेरे बंद असतात आणि एकजण मध्येच "सॉरी, मी जॉइन व्हायला लेट झालो, परत पहिल्यापासून सांगाल का" म्हणतो. आणि मग फाउंडर, पण फाउंडर ट्रॅव्हल करत असतात, ते कायमच ट्रॅव्हल करत असतात, म्हणून तो राउंड दोनदा पुढे जातो.

माझं हे सात आठवडे चाललं. शेवटी एचआर म्हणाली, "इंटर्नली डिस्कस करून कळवतो हं." झालं. त्यानंतर ना फोन ना मेल.

दोन महिन्यांनी मात्र एक मेसेज आला, कंपनीचा नाही, कोल्हापूरच्या एका क्रिएटर मुलीचा. त्या यादीसाठी मी बावीस जणांना फोन करून, घासाघीस करून रेट काढले होते, त्यातली ही एक. "ताई, त्या तेलवाल्यांचा मेल आलाय, तुम्ही बोललेला तोच रेट देतायत. तुम्ही लागलात का तिथे?"

मी नव्हते लागले. माझी एक्सेल शीट लागली होती.

आता कुणी म्हणेल केस कर की. केली असती, पण कायदा वाचला आणि गप्प बसले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पगारावर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. पण उमेदवार पगारावर कुठे असतो? म्हणजे मी लिहिलेली स्क्रिप्ट माझीच, आणि कंपनीला ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर माझ्या सहीचा कागद लागतो. इथपर्यंत ऐकून बरं वाटतं ना? पण १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत, ज्या रूपात मांडली त्यावर असतो. आणि मार्केटिंगच्या डेकमध्ये, म्हणजे प्रेझेंटेशनमध्ये, असतं काय? ऐंशी टक्के कल्पनाच. "भाऊबीजेला भावाने बहिणीच्या केसांना तेल लावायचं" ही माझी आयडिया, त्यांनी शब्द बदलले, ॲक्टर त्यांचे, विषय संपला. बावीस जणांची यादी तर काय, माहितीच.

गंमत म्हणजे परीक्षा घेणं ह्या धंद्यात नवीन नाहीच. जाहिरात एजन्सीत कॉपी टेस्ट, म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्यांची लेखी परीक्षा, कधीपासून आहे. १९८४ मध्ये जेडब्ल्यूटी ह्या अमेरिकन एजन्सीने, म्हणजे आपल्याकडे ज्यांची एजन्सी हिंदुस्थान थॉम्पसन म्हणून ओळखली जायची त्यांनी, न्यूयॉर्कच्या पेपरात जाहिरात देऊन प्रश्नच छापले होते, त्यात एक होता की मंगळावरच्या माणसाला टोस्ट म्हणजे काय ते समजावून सांगा. आता ह्या उत्तराचं एजन्सी काय करणार? मंगळावर विकायचाय का टोस्ट? डोकं कसं चालतं ते कळतं आणि कागद टोपलीत जातो. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. तेव्हाचा प्रश्न मुद्दाम बिनकामाचा असायचा. आताचा ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद, लाइव्ह असतो, खरा प्रॉडक्ट, खरा सण, पुढच्या महिन्याची तारीख. सीएला इंटरव्ह्यूमध्ये कुणी म्हणतं का, आमचं ह्या महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून दाखवा, बघू जमतंय का?

आणि हे एजन्सीवालेही करतात, ज्यांची अर्धी हयात क्लायंट फुकट पिच, म्हणजे जाहिरातीचा प्रस्ताव, करून घेतात म्हणून बोटं मोडण्यात गेली ते.

समोरच्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. माझा एक मित्र टीम हायर करतो, तो म्हणतो, "अगं प्रत्येक रेझ्युमेत लिहिलेलं असतं मी सेल्स तिप्पट केला, मग कंपन्या बुडतात कशा?" त्यात नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, माणूस चुकीचा निघाला की परत सहा महिने गेले, म्हणून निर्णयावर एकट्याने सही करायला कुणी तयार नसतं, आणि प्रत्येक नवीन राउंड म्हणजे उद्या बोट दाखवायला आणखी एक माणूस. गूगलने स्वतःचा डेटा तपासला तेव्हा त्यांना चार इंटरव्ह्यूंतच ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो असं दिसलं, पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूने नावालाच भर पडत होती. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर ह्या मानसशास्त्रज्ञांनी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं तेव्हा उमेदवाराकडून प्रत्यक्ष काम करून घेऊन बघणं सगळ्यात वरच्या पद्धतींत होतं, पण २०२२ मध्ये सॅकेट आणि मंडळी ह्या संशोधकांनी तोच हिशोब परत मांडला तर ते खाली घसरलं, आणि वर कोण आलं? ठरवलेले प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारणारा साधा इंटरव्ह्यू. ज्याला ना वीकेंड लागतो ना चौदा स्लाइड.

आणि ज्यांना काम करून घेऊन बघायचंच आहे ते पैसे देतात. वर्डप्रेस डॉट कॉमवाली ऑटोमॅटिक नावाची कंपनी अशा चाचणीच्या कामाचे तासाला २५ डॉलर देते म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मी एकदा विचारून बघितलं, असाइनमेंटचं काही मानधन? एचआर इतका वेळ गप्प होती की मला वाटलं नेट गेलं.

चॅटजीपीटी आल्यापासून तर अजूनच मजा आहे, ब्रीफ त्यावर लिहितात, उत्तर त्यावर लिहितात, आणि पॅनलवरचे ते उत्तर त्यालाच वाचायला देत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता मी काय करते सांगू? पीडीएफवर नाव आणि तारीख आडवी छापते. रेट आणि यादी देत नाही, "जॉइन झाल्यावर" म्हणते. आणि ब्रीफ कुठलाही असो, असाइनमेंट दुसऱ्याच ब्रँडवर करते. गेल्या वेळी मी माझ्या मामाचं दुकान घेतलं, साताऱ्याचे कंदी पेढे. गणपतीचं पूर्ण कॅलेंडर, रील्स, सगळं. पॅनलला आवडलं म्हणाले, चौथ्या राउंडनंतर गायब झाले.

मामाला मी डेक व्हॉट्सॲपवर पाठवून दिला होता, सहज. काल त्याचा फोन आला.

"अगं ते पाच नंबरचं रील कधी टाकायचं? आणि त्यात पेढा जरा मोठा दाखव की. दुकानाचा फोन नंबरपण मोठा कर."