गोष्ट ज्याची, त्यानं आधी सांगायची

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे. सुट्टीत सगळं गणगोत जमलं होतं, तेव्हाचा. चौदा माणसं आहेत त्यात आणि एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नाही. सगळे डावीकडे बघतायत. आत्याचा हात पुढे आलेला आहे, काहीतरी पकडायला निघाल्यासारखा. मागच्या रांगेतल्या मामाचं फक्त कपाळ दिसतं. आणि डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, एक बूट आहे. तो बूट माझ्या काकांचा.

झालं असं, की काकांनी कॅमेरा टेबलावर, टेबलाच्या वर स्टूल, स्टुलावर दोन जाडजूड पुस्तकं, असा रचून ठेवला होता. दहा सेकंदांचा टायमर लावला आणि सगळ्यांना बजावलं, "कुणी हलायचं नाही." आणि धावत निघाले. सतरंजीची कड जराशी उचललेली होती, त्यात पाय अडकला. आत्यानं हात पुढे केला, बाकीचे "अरे, अरे" म्हणून वळले, आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्यानं आपलं काम केलं. काकांना लागलं नाही, आत्याच्या मांडीवरच येऊन पडले ते. त्या दिवशी नंतर तीन-चार नीटनेटके फोटो काढले. ते आता कुठे आहेत, कुणाला ठाऊक नाही. भिंतीवर गेला तो हा.

घरातल्या फोटोंचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकते. समूहाच्या फोटोत कुणी ना कुणी डोळे मिटतंच. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचं गणित मांडलं होतं, आणि २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. हिशेब सोपा आहे. माणसं विसापेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागायचं, उजेड कमी असेल तर दोननं. जे उत्तर येईल तेवढे फोटो काढायचे, म्हणजे निदान एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. चौदा माणसांना दिवसाउजेडी पाच फोटो, संध्याकाळी घरात सात. पुढच्या वेळी घरातलं कुणी "झालं की आता, पुरे" म्हणालं तर त्यांना हे ऐकवा.

पण श्रोतेहो, मला आज बोलायचंय ते फजितीबद्दल. चार दिवसांसाठी दहा-पंधरा माणसं एका छताखाली आली की काहीतरी घोळ होणारच. दोन सारख्या बॅगांची अदलाबदल होते आणि कुणीतरी दुसऱ्याचाच सदरा घालून बाहेर येतं. न्हाणीघराची कडी आतून अडकते आणि बाहेर सहा जण सहा सल्ले देत उभे राहतात. कुणी एक दिवस आधीच येऊन दारात उभं राहतं. आणि हाका मारताना आजीची जी त्रेधा उडते! नातवाला बोलवायचं असतं, पण आधी मुलाचं नाव, मग जावयाचं, मग धाकट्या भावाचं, मग चक्क कुत्र्याचं, आणि शेवटी "अरे तू, तूच!"

आमच्या आजीला याचं फार वाईट वाटायचं. आपली स्मरणशक्ती गेली, असा तिनं धसका घेतला होता. तिला हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली याच चुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १,७०० हून जास्त लोकांना त्यांनी विचारलं. त्यांना दिसलं, की ही चूक म्हाताऱ्यांचीच नाही, तरुणांचीही होते. आणि चुकून तोंडात येणारं नाव सहसा त्याच गोतावळ्यातलं असतं. म्हणजे मनात घरच्या माणसांचा एक कप्पा असतो, आणि घाईत हात घातला की त्यातलं भलतंच नाव हाती लागतं. कुत्र्याचं नावही त्या कप्प्यात सापडलं. मांजरांच्या वाट्याला मात्र हा मान फारसा आला नाही. तेव्हा तुमची आजी तुम्हाला चार नावं घेऊन हाक मारत असेल, तर तुम्ही तिच्या अगदी आतल्या कप्प्यात आहात.

आता मूळ मुद्द्यावर येते. फजिती सगळ्यांचीच होते. पण काही फजित्या घराला जोडतात, आणि काही एखाद्या माणसाच्या मनात कायमचा काटा ठेवून जातात. हा फरक कशामुळे पडतो?

आमच्या मावशीची गोष्ट सांगते. तिच्या हाताला चव होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. सोळा माणसांचं जेवण, शेवटी गोड. फडताळात दोन सारखे डबे, दोन्हींत पांढरं, बारीक. भिंगाखाली धरलं तर मिठाचा कण इवल्याशा ठोकळ्यासारखा चौकोनी दिसतो आणि साखरेचा तसा नसतो. पण भिंग घेऊन कोण स्वयंपाक करतं? तिनं मोठ्या पातेल्यात दोन वाट्या घातल्या, ढवळल्या आणि वाढायला घेतलं.

पहिला घास माझ्या आतेभावानं खाल्ला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्यानं मावशीकडे बघितलं, आणि काही न बोलता दुसरा घास घेतला. मग मामानं खाल्लं. तोही गप्प. मग मामी. एकेकाचे डोळे मोठे होत होते, घसे हलत होते, पाण्याचे पेले रिकामे होत होते, पण बोलत कुणीच नव्हतं. मावशी पंगतीच्या टोकाला उभी राहून "कसं झालंय?" विचारत होती आणि सात माणसं माना डोलावत होती. मी आजवर कुठल्याही जेवणात इतकी माया बघितलेली नाही. शेवटी आजोबांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा तिला शंका आली. तिनं पळीतलं थोडं चाखलं.

दोन क्षण कुणी श्वास घेतला नाही. मग मावशी खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय, असं वाटून आई उठली. पण मावशी हसत होती. ती हसतेय म्हटल्यावर मग जो हशा उसळला, तो थांबेचना. कुणीतरी म्हणालं, बटाटा टाका, मीठ ओढून घेतो. त्यावर मामानं तिथंच समजावून दिलं, की बटाटा मीठ वेगळं काढत नाही, खारट पाणीच शोषून घेतो, आणि उरलेलं तेवढंच खारट राहतं. खरं आहे ते. पातळ करून वाढवणं हाच उपाय, आणि दोन वाट्या मिठाला त्या दिवशी घरात पुरेल एवढं पातेलं नव्हतं.

मी आज मागे वळून बघते तेव्हा मला त्यातला तो एकच क्षण महत्त्वाचा वाटतो. आधी मावशी हसली, मग बाकीचे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ होते. त्यांनी माणसं खरोखर कधी हसतात हे हिंडून, कान देऊन नोंदवलं. एकटा असताना माणूस जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. आणि बहुतेक हसणं विनोदानंतर येतच नाही, साध्यासुध्या बोलण्यानंतर येतं. म्हणजे हसणं हे "मी तुमच्यात आहे" असं सांगणं आहे. म्हणून मला वाटतं, की ज्याची फजिती झाली तोच त्या हसण्याबाहेर राहिला, तर ते हसणं त्याच्या अंगावर येतं.

हेही मी आमच्याच घरात बघितलंय. एका सुट्टीत माझ्या आठ वर्षांच्या चुलतबहिणीला सगळ्यांसमोर कविता म्हणायला उभं केलं. दुसऱ्या कडव्यात ती अडली, आणि तिनं पहिल्याच कडव्याची ओळ परत म्हटली. मोठी माणसं हसली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण ती हसली नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि गाद्यांच्या ढिगामागे बसली. रात्रीच्या जेवणाला कुणीतरी त्या ओळीची आठवण काढली, दुसऱ्या दिवशी परत काढली, पुढच्या वर्षीही काढली. आज ती चाळिशीत आहे. आमच्यात ती पुन्हा कधीही कविता म्हणायला उभी राहिली नाही. त्या हसण्यात मीही होते, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

१९६६ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना ध्वनिफीत ऐकवली. एक माणूस अवघड प्रश्नांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देतो, आणि शेवटी स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला, न सांडणाऱ्या हुशारापेक्षाही जास्त. पण बेताची उत्तरं देणाऱ्यानं कॉफी सांडली, तेव्हा तो आणखी नावडता झाला. घरात हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. काका हे आमच्याकडचे शिस्तीचे. प्रवासाची यादी, गाडीची वेळ, किल्ल्यांचा जुडगा, सगळं त्यांच्याकडे. ते आत्याच्या मांडीवर पडले तेव्हा ते आम्हा मुलांना पहिल्यांदा आपलेसे वाटले. पण जो आधीच बुजरा आहे, नवीन सून आहे, नवा जावई आहे, लहान मूल आहे, त्याची तीच फजिती त्याला खाली ओढते. चूक तीच असते, पण पडण्याची उंची प्रत्येकाची वेगळी असते.

म्हणून त्या कवितेनंतर, बऱ्याच उशिरा, आमच्या घरात एक रीत पडली. पाडली माझ्या आईनं. गोष्ट ज्याची, त्यानं आधी सांगायची. कुणाची फजिती झाली असेल, तर ती पहिल्यांदा सांगण्याचा हक्क त्याचा. त्यानं सांगितली, की मग ती घराची झाली. वाटेल त्यानं, वाटेल तेवढ्या वेळा सांगावी. त्यानं नाही सांगितली, तर ती गोष्ट झालीच नाही. आमच्याकडे अशा काही न झालेल्या गोष्टी आहेत. सगळ्यांना माहीत असूनही त्या कुणी काढत नाही. तुम्हाला सांगते, घरातली मुलं आता स्वतःहून येऊन सांगतात. "आज माझी गोष्ट आहे," म्हणून मांडी ठोकून बसतात.

आणि सांगता सांगता गोष्ट बदलते, हे मात्र धरून चाला. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिलं होतं, की माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, दर वेळी ती नव्यानं बांधतो. मावशीच्या दोन वाट्यांच्या चार वाट्या झाल्यात. आतेभाऊ म्हणतो, त्यानं तिसरा घासही खाल्ला होता. आजोबांनी किती पेले पाणी मागितलं यावर दर सुट्टीत भांडण होतं. मी गेल्या काही वर्षांपासून हे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते. खरं काय ते ठरवायला नव्हे, तर मावशीच्या आवाजात ते हवं म्हणून. ती हसायला लागली की वाक्याचा शेवट गिळते. तो गिळलेला शेवट लिहून ठेवता येत नाही. तुमच्या घरी सांगणारं माणूस अजून असेल, तर या सुट्टीत फोन त्यांच्याजवळ ठेवा आणि विचारा.

काकांना आता गुडघ्यांमुळे धावता येत नाही. गेल्या सुट्टीत त्यांना खुर्ची देऊन मधोमध बसवलं होतं. टायमर लावायचं काम भाच्याकडे. तो लावून आला, आपल्या जागेवर उभा राहिला, सगळे छान समोर बघत होते. सात झाले, आठ झाले. आणि काकांनी खुर्चीतूनच, अगदी गंभीर आवाजात विचारलं, "आता पडू का?"

चौदाच्या चौदा माना त्यांच्याकडे वळल्या. तो फोटोही आम्ही भिंतीवर लावलाय, पहिल्याच्या शेजारी.

नमस्कार.